अल्बट्रॉस : एका नावाचा प्रवास

इंग्रजी वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना एक शब्दप्रयोग वरचेवर भेटतो. एखाद्या उद्योगाच्या डोक्यावर न फिटणारे कर्ज असले, एखाद्या राजकीय पक्षाला स्वतःचाच जुना निर्णय जाचू लागला, किंवा एखाद्या संस्थेला पडीक वास्तू सांभाळणे जड झाले, की त्या कर्जाला, त्या निर्णयाला, त्या वास्तूला ‘गळ्यातला अल्बट्रॉस’ म्हटले जाते. मराठीत आपण अशा वेळी ‘गळ्यातले लोढणे’ म्हणतो. लोढणे म्हणजे ओढाळ गुराच्या गळ्यात माणसाने अडकवलेला लाकडाचा ओंडका. तो ओझे वाटावा, यात नवल नाही. अल्बट्रॉस मात्र एक जिवंत पक्षी आहे. तो आपल्या वस्तीपासून हजारो मैल दूर, दक्षिणेच्या महासागरावर राहतो आणि आपण होऊन कोणाच्याही गळ्यात पडत नाही. मग त्याचे नाव ओझ्याचा पर्याय कसे झाले?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की एका शब्दाचा विलक्षण प्रवास उलगडत जातो. तो पाण्याच्या घागरीपासून सुरू होतो, एका कुप्रसिद्ध तुरुंगावरून जातो, एका अजरामर काव्यातून वळण घेतो आणि आजच्या मासेमारीच्या गळांपर्यंत येऊन पोहोचतो. या प्रवासात पक्ष्याविषयी थोडे कळते. नाव ठेवणाऱ्या माणसाविषयी पुष्कळ कळते.

नावाआधीचा पक्षी

आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव दिसतात, सुरय दिसतात, पाणकावळे तर बारमाही असतात. म्हणून या पक्ष्यांना मराठीत स्वतःची नावे आहेत. अल्बट्रॉसचा संचार मुख्यतः दक्षिण गोलार्धातील महासागरांवर आणि उत्तर पॅसिफिकवर असतो. भारताच्या किनाऱ्याशी त्याचा नित्य संबंध नाही, आणि म्हणूनच मराठीत त्याच्यासाठी रूढ झालेला देशी शब्दही नाही. आपण इंग्रजी नावच वापरतो.

त्याच्या एकूण २२ जाती मानल्या जातात. त्यांतील ‘भटका अल्बट्रॉस’ या जातीच्या पसरलेल्या पंखांची रुंदी साडेतीन मीटरपर्यंत भरते. आज हयात असलेल्या कोणत्याही पक्ष्याचे पंख एवढे रुंद नाहीत. हे पंख तो फारसे हलवीत नाही. लाटांजवळ वारा मंद असतो आणि वर तो वेगवान होत जातो. वेगातील या फरकाचा उपयोग करून तो खाली सूर मारतो, पुन्हा वर चढतो आणि अत्यल्प श्रमात शेकडो किलोमीटर कापतो. समुद्राचेच पाणी पितो. जास्तीचे मीठ डोळ्यांवरील विशेष ग्रंथींतून वेगळे होऊन चोचीवाटे बाहेर टाकले जाते.

त्याचा संसार मात्र अतिशय संथ गतीचा आहे. भटका अल्बट्रॉस सुमारे दहा वर्षांचा झाल्यावर पहिले अंडे घालतो. जोडीला दोन वर्षांतून एकदा एकच अंडे होते आणि पिल्लू उडेपर्यंत त्याचे आई-वडील जवळजवळ नऊ महिने त्याला भरवतात. जोडी सामान्यतः आयुष्यभर टिकते. एक पक्षी अकाली गेला, तर त्या वर्षीचे पिल्लू तर जातेच, शिवाय मागे राहिलेल्या जोडीदाराची पुढची काही वर्षेही रिकामी जातात. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

घागर, पाणबुड्या आणि चुकलेला पांढरा रंग

आता नावाकडे वळू. ‘अल्बट्रॉस’ या शब्दाच्या आरंभीचा ‘अल्’ पाहून जाणकारांच्या मनात लगेच अरबी भाषा येईल. अल्जिब्रा, अल्कोहोल या शब्दांत जो ‘अल्’ आहे, तोच हा. अरबीत नामाआधी लागणारा हा उपपद-शब्द युरोपीय भाषांनी नामाचाच भाग समजून उचलला.

मूळ अरबी शब्द कोणता, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तो ‘अल्-कादूस’ आहे. कादूस म्हणजे रहाटाच्या माळेवर बांधलेले पाण्याचे गाडगे. हा शब्द अरबीने ग्रीक भाषेतील ‘कादोस’, म्हणजे घडा, यावरून घेतला. स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत अरबांचे राज्य असताना शेतीसाठी रहाट सर्वत्र फिरू लागले आणि पोर्तुगीज भाषेत रहाटाच्या गाडग्याला ‘अल्काट्रुझ’ म्हटले जाऊ लागले. पुढे त्याच्याशी मिळतेजुळते ‘अल्काट्राझ’ हे नाव पेलिकनला मिळाले, असे हे मत सांगते. चोचीखालच्या मोठ्या पिशवीमुळे ज्याला मराठीत झोळीवाला म्हणतात, तोच हा पक्षी. त्याची ती पिशवी पाहून लोकांना पाण्याचे गाडगे आठवले असावे. पेलिकन चोचीत पाणी साठवून पिल्लांसाठी नेतो, अशी समजूतही होती. ज्या भाषेने नित्याच्या प्रपंचालाच ‘संसाराचे रहाटगाडगे’ म्हटले, त्या भाषेच्या वाचकांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द ‘अल्-गत्तास’ असावा. त्याचा अर्थ पाण्यात बुडी मारणारा, पाणबुड्या. सागरी पक्ष्याला हे नाव सहज शोभते. दोन्ही मतांना अभ्यासकांचा आधार आहे, आणि पुढचा प्रवास दोन्हींत सारखाच आहे.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश खलाशी ‘अल्काट्राझ’ हा शब्द घेऊन जगभर गेले. समुद्रावर दिसेल त्या मोठ्या पक्ष्याला त्यांनी तो लावला; कधी पेलिकनला, कधी काळ्या फ्रिगेट पक्ष्याला. इंग्रज खलाशांनी तो त्यांच्याकडून ऐकला आणि दक्षिण समुद्रात भेटलेल्या प्रचंड पांढऱ्या पक्ष्यासाठी वापरला. उच्चारात ‘अल्क’चे ‘अल्ब’ झाले. याचे कारण लॅटिन भाषेतील ‘अल्बस’, म्हणजे पांढरा, हा शब्द असावा, असे मानतात. पक्षी पांढरा दिसला आणि शब्दानेही पांढरा रंग घेतला. अशा प्रकारे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत ‘अल्बट्रॉस’ हा शब्द दिसू लागला. घागरीचे नाव झोळीवाल्याला, झोळीवाल्याचे काळ्या पक्ष्याला, आणि काळ्याचे नाव पांढऱ्याला मिळाले. बालदी, चावी, पाव हे पोर्तुगीज शब्द आपण जसे उगम न विचारता घरात घेतले, तसेच जगानेही हे नाव घेतले.

नाव पक्ष्याचे, घर कैद्यांचे

मूळच्या ‘अल्काट्राझ’ या रूपालाही स्वतंत्र दैव लाभले. मेक्सिकोत आज हा शब्द एका पांढऱ्या, द्रोणासारख्या फुलाचे नाव आहे. परंतु जगाला तो ठाऊक आहे तुरुंगामुळे. १७७५ साली हुआन मान्वेल दे आयाला हा स्पॅनिश दर्यावर्दी आपले ‘सान कार्लोस’ जहाज घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात शिरला. तेथे समुद्रपक्ष्यांनी गजबजलेल्या खडकाळ बेटाच्या नावात त्याने हाच शब्द योजला. पक्ष्यांचे बेट, एवढाच त्याचा अर्थ होता. त्याच नावाचे बेट पुढे लष्करी ठाणे झाले आणि १९३४ ते १९६३ या काळात अमेरिकेचा सर्वांत कडक बंदोबस्ताचा तुरुंग तेथे होता.

त्या तुरुंगातील एक कैदी, रॉबर्ट स्ट्राउड, ‘अल्काट्राझचा पक्षीवेडा’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९६२ साली त्याच्यावर त्याच नावाचा चित्रपट निघाला. वस्तुस्थिती अशी की स्ट्राउडने पक्षी पाळले आणि त्यांच्या रोगांचा अभ्यास केला, तो लेव्हनवर्थ येथील आधीच्या तुरुंगात. १९४२ साली त्याला अल्काट्राझला हलवले, तेव्हा त्याला एकही पक्षी ठेवू दिला नाही. पक्ष्यांच्या नावाच्या बेटावर पक्षी बाळगण्याला मनाई होती. आज तुरुंग बंद आहे, बेट राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थेखाली आहे, आणि कुरव व पाणकावळे तेथे पुन्हा घरटी करतात. बेटाने दीर्घ काळानंतर आपल्या नावाचा अर्थ परत मिळवला, असे म्हणता येईल.

न भिणाऱ्याला दिलेले नाव

अल्बट्रॉसला इतरही नावे मिळाली, आणि त्यांतून माणसाचा स्वभाव अधिक स्पष्ट दिसतो. डच खलाशी मोठ्या समुद्रपक्ष्यांना ‘मालेमोक’ म्हणत. त्याचा अर्थ मूर्ख कुरव. त्याच शब्दापासून लहान आकाराच्या अल्बट्रॉसचे एक इंग्रजी नाव तयार झाले. पॅसिफिकमधील मिडवे बेटावरच्या अमेरिकी सैनिकांनी त्यांना ‘गूनी’ म्हटले; त्याचाही अर्थ भोळसट. जपानी भाषेत ‘आहोदोरी’ हे नाव आहे, म्हणजे मूर्ख पक्षी. अल्बट्रॉसखेरीज ‘बूबी’ नावाचा एक समुद्रपक्षी आहे. पावसाळ्यातील वादळांत भरकटून तो कधीकधी आपल्या कोकण किनाऱ्यावर थकलेल्या अवस्थेत सापडतो. त्याचे नावही मूर्ख या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरूनच आलेले आहे.

एकमेकांपासून इतक्या दूरच्या भाषांनी समुद्रपक्ष्यांना एकच विशेषण का द्यावे? हे पक्षी ज्या बेटांवर घरटी करतात, तेथे त्यांना जमिनीवरचा शत्रू कधी माहीतच नव्हता. माणूस जवळ आला, तरी ते उठून पळाले नाहीत. अंडे सोडून जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. शिवाय एवढे रुंद पंख घेऊन जमिनीवरून झटपट उडणेही त्यांना जमत नाही. ज्याने विश्वास ठेवला, त्याला माणसाने मूर्ख ठरवले. फ्रेंच कवी बोदलेर याने एकोणिसाव्या शतकात अल्बट्रॉसवर लिहिलेल्या प्रसिद्ध कवितेचा विषयही हाच आहे: आकाशातला राजा जहाजाच्या फळ्यांवर उतरवला की खलाशांच्या थट्टेचा धनी होतो.

या ‘मूर्ख’ नावाची किंमत किती मोठी होती, हे तोरिशिमा बेटाच्या इतिहासात दिसते. टोकियोच्या दक्षिणेस सुमारे ६०० किलोमीटरवर हे ज्वालामुखीचे बेट आहे. आखूड शेपटीच्या अल्बट्रॉसची मोठी वसाहत तेथे होती. १८८७ साली तामाओकी हानेमोन या व्यापाऱ्याने तेथे पिसांचा धंदा सुरू केला. पक्षी पळत नसल्यामुळे बंदुकीचीही गरज नव्हती; सोटे पुरेसे होते. पिसे गाद्या-उशांसाठी परदेशी गेली. पुढल्या साधारण पंधरा वर्षांत पन्नास लाखांच्या आसपास पक्षी मारले गेल्याचा अंदाज आहे. १९०२ साली ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि बेटावरील सर्व १२५ माणसे मृत्युमुखी पडली. याला शिक्षा म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा; कारण मेलेले होते पोटासाठी आलेले मजूर. आणि उद्रेकानंतर शिकार पुन्हा सुरू झालीच.

१९४९ साली ऑलिव्हर ऑस्टिन या पक्षीतज्ज्ञाला त्या सागरात शोधूनही एक पक्षी दिसला नाही, आणि ही जात नष्ट झाल्याचा निष्कर्ष निघाला. दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, तोरिशिमावरील हवामान केंद्रातील कर्मचाऱ्यांना सुमारे दहा पक्षी घरटी करताना आढळले. संहाराच्या काळात समुद्रावर असलेली तरुण पिढी वयात येऊन जन्मभूमीला परतली होती. पुढे हासेगावा हिरोशी या जपानी संशोधकाने १९७०च्या दशकापासून आपले आयुष्य या पक्ष्यांना वाहिले. राखेच्या घसरत्या उतारावर गवत लावून अंडी वाचवली. सुरक्षित जागी प्रतिकृती मांडून आणि ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पक्ष्यांना तेथे बोलावले. २००८ ते २०१२ या काळात काही पिल्ले तोरिशिमाहून हेलिकॉप्टरने दूरच्या मुकोजिमा बेटावर नेऊन वाढवण्यात आली. आज ही जात पुन्हा काही हजारांच्या घरात आहे.

हासेगावा यांनी आणखी एक आग्रह धरला: ‘मूर्ख पक्षी’ हे नाव बदलावे. जपानच्या काही किनारी भागांत प्रचलित असलेले ‘ओकिनो-तायू’ हे जुने नाव त्यांनी सुचवले. त्याचा आशय मराठीत सांगायचा, तर ‘खोल समुद्रावरचा मानकरी’. ज्याला वाचवायचे, त्याला आधी मानाने हाक मारावी, ही त्यामागची भूमिका होती.

ओझे कोणाचे?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. अल्बट्रॉस गळ्यात पडला, तो सॅम्युएल टेलर कोलरिज या इंग्रज कवीच्या १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या वृद्ध खलाशाच्या काव्यात. त्याची कल्पना वर्ड्‌स्वर्थने सुचवली होती आणि ती एका खऱ्या घटनेवर आधारलेली होती. जॉर्ज शेल्व्हॉक या कप्तानाने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे की, १७१९ साली केप हॉर्नजवळ वादळात सापडलेल्या त्याच्या जहाजामागे एक काळा अल्बट्रॉस दिवसेंदिवस येत होता. सायमन हॅटली नावाच्या उदास वृत्तीच्या अधिकाऱ्याला तो अपशकुनी वाटला. वारा अनुकूल होईल, या आशेने त्याने त्याला गोळी घातली. वारा अनुकूल झाला नाही.

कोलरिजच्या काव्यात पक्षी शुभ आहे. बर्फात अडकलेल्या जहाजाला वाट मिळते, ती तो आल्यावर. खलाशांच्या हातचे तो खातो. आणि एके दिवशी तो वृद्ध खलाशी, काहीही कारण नसताना, त्याला बाणाने मारतो. सोबती आधी त्याला दोष देतात. पण धुके विरून हवा स्वच्छ झाल्यावर तेच त्याची पाठ थोपटतात. या संमतीने तेही त्या हत्येचे भागीदार होतात. नंतर वारा पडतो, पाणी संपते, माणसे तहानेने व्याकूळ होतात, आणि तेच सोबती मेलेला पक्षी खलाशाच्या गळ्यात अडकवतात.

हे ओझे उतरते कसे, हे अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे. सोबती मरून गेलेले आहेत, खलाशी एकटा आहे, त्याला प्रार्थनाही करता येत नाही. अशा वेळी चांदण्यात पोहणारे समुद्रसर्प त्याला दिसतात. ज्या जिवांची आधी किळस वाटली होती, त्यांचे सौंदर्य त्याला जाणवते आणि नकळत त्याच्या मनातून त्यांच्यासाठी आशीर्वाद निघतो. त्याच क्षणी गळ्यातला पक्षी गळून पडतो.

भाषेने मात्र या गोष्टीचा अर्धाच भाग उचलला. काव्यात ओझे होते खलाशाच्या कृत्याचे. पक्षी निरपराध होता. रूढ वाक्प्रचारात कृत्य विसरले गेले आणि ओझ्याला पक्ष्याचे नाव चिकटले. मारणाऱ्याचा दोष मेलेल्याच्या नावावर जमा झाला.

आजचा गळ

हा केवळ शब्दांचा प्रश्न राहिलेला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोल समुद्रात लांब दोरांची मासेमारी वाढली. एका दोराची लांबी शंभर किलोमीटरपर्यंत असू शकते आणि त्याला हजारो गळ लावलेले असतात. दोर सोडताना गळावरचे आमिष काही क्षण पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहते. अल्बट्रॉस ते उचलायला जातो, गळ अडकतो आणि दोराबरोबर तो पाण्याखाली ओढला जातो. त्याला मारावे, असे येथे कोणाच्याच मनात नसते. तरीही तो मरतो. दोन वर्षांनी एक अंडे घालणारी जात असे मृत्यू भरून काढू शकत नाही. २२ जातींपैकी १५ जाती आज नामशेष होण्याच्या धोक्यात गणल्या जातात.

दिलासा असा की उपाय ठाऊक आहेत आणि ते साधे आहेत. दोर रात्री सोडावेत. गळ लवकर बुडावेत म्हणून त्यांना वजन बांधावे. जहाजाच्या मागे रंगीत फिती लावलेली दोरी फडकत ठेवावी, म्हणजे पक्षी जवळ येत नाहीत. ही शेवटची युक्ती जपानी मच्छीमारांनीच शोधली. अल्बट्रॉस आणि त्याचे आप्त पक्षी यांच्या रक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ पासून अमलात आहे. नामिबियात समुद्रतळाजवळच्या लांब दोरांच्या मासेमारीत अशा फिती सक्तीच्या झाल्यावर समुद्रपक्ष्यांचे मृत्यू ९८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. थोडी दक्षता घेतली की किती जीव वाचतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

मिडवे बेटावर १९५६ साली चँडलर रॉबिन्स या पक्षीतज्ज्ञाने एका अल्बट्रॉस मादीच्या पायात खुणेचे कडे घातले. तेव्हा ती किमान पाच वर्षांची होती. रॉबिन्स २०१७ साली निवर्तले; ती मादी अजून येत राहिली. २०२४ च्या अखेरीस, वयाच्या सुमारे चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिने पुन्हा एक अंडे घातले. वादळे, गळ आणि समुद्रावर तरंगणारे प्लास्टिक यांतून वाट काढत ती सात दशके त्याच बेटावर परतत आली आहे. ज्या जातीला सैनिकांनी भोळसट म्हणून हिणवले, त्याच जातीच्या या मादीचे नाव संशोधकांनी ‘विस्डम’ ठेवले आहे. विस्डम म्हणजे प्रज्ञा.

मूर्ख ते प्रज्ञा, एवढे अंतर पक्ष्याने कापलेले नाही. तो शतकानुशतके जसा होता तसाच आहे, वाऱ्यावर स्वार आणि माणसाला न भिणारा. अंतर कापायचे होते ते नाव ठेवणाऱ्याला, आणि त्यातले काही पाऊल त्याने टाकले आहे.